तोबियासचा कुत्रा आणि परदेशाची वेस

जुन्या करारातील तोबितच्या ग्रंथाशी आपली ओळख बहुधा विवाहविधीतील वाचनामुळे झालेली असते. अंध झालेल्या पित्याची आज्ञा शिरोधार्य मानून तरुण तोबियास निनवे नगरीहून दूरच्या मेदिया देशाकडे निघतो. देवदूत राफाएल आपली खरी ओळख न देता त्याचा वाटाड्या होतो. आणि त्या दोघांच्या मागोमाग घरचा कुत्राही चालू लागतो. ग्रंथकाराने या कुत्र्याचा उल्लेख केवळ जाताना आणि परतताना केला आहे. मधल्या साऱ्या घडामोडींत त्याला काहीही काम नाही. तो कोणाचे रक्षण करीत नाही, वाट दाखवीत नाही, चमत्काराचे निमित्तही होत नाही. तो नुसता बरोबर असतो. घरातले माणूस परमुलखाला निघाले आणि कुत्रा मागे राहिला नाही, एवढीच त्याची कथा.

मेदियाच्या वेशीवर त्या कुत्र्याला कोणी अडविल्याचे ग्रंथात लिहिलेले नाही. आज तोबियास मुंबईहून लंडनला निघाला असता, तर त्याला कुत्र्यासाठी किमान चार महिने आधीपासून तयारी करावी लागली असती. सुई, रक्ततपासणी, प्रमाणपत्रे, औषधाची डोस-वेळ अशा एकेका पायरीवरून त्या मुक्या सोबत्याला जावे लागले असते आणि एका पायरीचा क्रम चुकला असता, तर साऱ्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून झाली असती. हा कायदा निर्दय आहे काय? आणि निर्दय वाटणारा कायदा सज्जन माणसाने चुकविला, तर त्यात कितपत दोष आहे? या लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतून इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत स्थायिक होण्यासाठी निघालेली कुटुंबे आता प्रत्येकाच्या परिचयाची झाली आहेत. पूर्वी कुत्रा अंगणात असे. वाडीची राखण करणे हे त्याचे काम. कुटुंब लांब गेले तरी वाडी, आजी-आजोबा आणि कुत्रा जागेवर राहत. आता कुत्रा घराच्या आत आला आहे. एकुलत्या एका मुलाचा तो भावंडासारखा सोबती असतो. मग व्हिसा हाती येतो, रुजू होण्याची तारीख ठरते, आणि प्रश्न उभा राहतो : "फादर, ह्याचं काय करायचं?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो : "लस तर खरोखरच टोचलेली आहे. फक्त चिप नंतर बसवली. डॉक्टरांनी चिपची तारीख दोन महिने मागची लिहिली, तर ते पाप आहे का?" विचारणारी माणसे लबाड नसतात. ती अडचणीत असतात. म्हणूनच त्यांना नुसते 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणे पुरेसे नाही. उत्तरामागील कारण त्यांच्यापुढे ठेवले पाहिजे.

प्रथम कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ. उदाहरणासाठी इंग्लंडचा नियम घेतो. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी लागते. तिच्यात त्याचा ओळख-क्रमांक असतो. चिप बसविल्यानंतर, किंवा त्याच भेटीत चिपनंतर, रेबीजची लस टोचावयाची. त्या वेळी पिलू किमान १२ आठवड्यांचे असावे लागते. चिपच्या आधी टोचलेली लस हिशेबात धरली जात नाही. ब्रिटनच्या मान्य यादीत असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्याला लसीनंतर २१ दिवस थांबले की प्रवेश मिळतो. भारत त्या यादीत नाही. म्हणून येथील कुत्र्याला लसीनंतर किमान ३० दिवस जाऊ देऊन रक्त काढावे लागते, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि लसीने निर्माण केलेली प्रतिकारद्रव्ये प्रत्येक मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी असल्याचा दाखला मिळवावा लागतो. एवढ्यावर भागत नाही. रक्त काढल्याच्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबावे लागते. शेवटी, पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याने पट्टकृमीचे औषध द्यावयाचे आणि त्याची वेळ कागदावर नोंदवावयाची. सरकारी पशुवैद्याचे आरोग्य-प्रमाणपत्र वेगळेच. विमानाने जाणारा कुत्रा मालकाच्या पायाशी बसून इंग्लंडात उतरू शकत नाही; तो मालवाहतुकीच्या विभागातून, नोंद होऊन जातो. यात काही उणे आढळले, तर त्याला मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवतात किंवा परत पाठवितात.

देशागणिक नियम बदलतात. ऑस्ट्रेलियाने मान्य केलेल्या देशांच्या यादीत भारत नसल्याने येथील कुत्र्याला थेट तेथे नेता येत नाही. मान्य अशा एखाद्या तिसऱ्या देशात आधी तयारी करून मगच तेथे जाता येते, आणि पोहोचल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात किमान १० दिवस राहावे लागते. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्याला प्रवेश नाही, आणि रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून, म्हणजे भारतातूनही, येणाऱ्या कुत्र्यासाठी अधिकचे दाखले व ठराविक विमानतळ नेमून दिलेले आहेत. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांना दार बंद केले. मालकाच्या स्वतःच्या घरगुती कुत्र्याला मात्र ते उघडे ठेवले. हे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघणाऱ्याने शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. त्या त्या देशाच्या सरकारी खात्याकडून आणि मुंबईतील आपल्या केंद्र सरकारच्या पशु-विलगीकरण कार्यालयाकडून ताजी माहिती घ्यावी.

आता या साऱ्या खटाटोपाचे मूळ पाहू. ते मूळ आहे रेबीज, म्हणजे कुत्रा पिसाळण्याचा रोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू आपल्या भारतात होतात. माणसाला हा रोग जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. संशयित जनावराने चावा घेतलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी योझेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर पहिल्याने लसीचा उपचार केला आणि तो वाचला. तेव्हापासून चाव्यानंतर वेळेवर उपचार घेणारा वाचतो. परंतु लक्षणे एकदा दिसू लागली, की आजही वैद्यकशास्त्र जवळजवळ हात जोडून उभे राहते.

या रोगाची एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात. त्या काळात कुत्रा अगदी निरोगी दिसतो. शेपटी हलवितो, खातो, मुलांबरोबर खेळतो. आणि जिवंत, निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगात रोग दबा धरून बसला आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी तपासणी नाही. निश्चित निदान होते ते मेलेल्या जनावराच्या मेंदूवरून. रक्ताची तपासणी लस लागू पडली एवढेच सांगते. लस टोचण्यापूर्वीच रोग आत शिरला होता काय, हे ती सांगत नाही. त्यासाठी एकच उपाय उरतो : थांबणे. त्या तीन महिन्यांचा अर्थ हा आहे. ते दंड म्हणून लादलेले नाहीत. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही, त्याचे उत्तर काळाकडून घेण्याची ती रीत आहे.

ही रीत जुनी आहे आणि ती आधी माणसांना लागू झाली. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा नगराने प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना ३० दिवस नगराबाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ३० चे ४० दिवस झाले आणि इटालियन भाषेतील 'चाळीस' या शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द रूढ झाला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः आजारी पडलेले संत रॉक रानात एकटे जाऊन राहिले, तेव्हा एक कुत्रा रोज त्यांच्यासाठी भाकरी घेऊन येई, असे परंपरा सांगते. संतांच्या मूर्तीपाशी तो कुत्रा आजही दिसतो. इतरांना बाधा होऊ नये म्हणून माणूस दूर राहिला आणि कुत्र्याने त्याला एकटे पडू दिले नाही. आज तीच वेळ कुत्र्यावर येते, तेव्हा आपण त्याच्यासाठी काय करतो, हा प्रश्न त्या मूर्तीपुढे उभे राहून स्वतःला विचारण्यासारखा आहे.

ब्रिटनची हकीकत तर फारच बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती झाली, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांसाठी सहा महिन्यांचे विलगीकरण आले आणि १९०२ साली देश रेबीजमुक्त झाला. परंतु १९१८ मध्ये रोग परतला. पहिल्या महायुद्धावरून घरी येणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला, असे मानले जाते. त्याला पुन्हा हद्दपार करण्यासाठी १९२२ पर्यंतचा काळ लागला. या सैनिकांचे मन आपण समजू शकतो. खंदकांतील चिखलात आणि मृत्यूच्या सान्निध्यात ज्याने सोबत केली, त्या मुक्या जिवाला परक्या भूमीवर सोडून येणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटले असेल. त्यांच्या ठायी द्वेष नव्हता, लोभही नव्हता. होते ते प्रेम. आणि त्या प्रेमानेच पिसाळ रोग आपल्या गावात, आपल्या मुलाबाळांत आणला. हेतू शुद्ध असला म्हणजे परिणाम शुद्ध होतो असे नाही, हे नीतिशास्त्राचे जुने सूत्र यापेक्षा स्पष्ट करून सांगणारे उदाहरण सहसा सापडणार नाही.

१९६९ साली आणखी एक घटना घडली. जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिन्यांचे विलगीकरण रीतसर पूर्ण करून कॅम्बर्ली गावी घरी आला आणि थोड्याच दिवसांत पिसाळला. परिसरातील कुत्र्यांवर मुसक्यांची सक्ती आली, रानातील प्राणी मारण्यात आले. नियम अक्षरशः पाळूनही धोका उरतोच, हे त्या वेळी दिसले. मग जो नियम पाळीतच नाही, त्याच्या हातून केवढा धोका संभवतो?

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'कायद्याचे कारण पटले. पण माझ्या एकट्याच्या बाबतीत तो शिथिल करण्यास काय हरकत आहे?' या आक्षेपाची तीन रूपे आहेत. ती एकेक करून पाहू.

पहिले रूप असे : 'सरकारी नियम मोडणे हे पाप कसे? पकडले गेलो तर दंड भरू.' या विचाराला एक जुनी परंपरा आहे. सेमिनरीच्या ग्रंथालयांतील जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत 'केवळ दंडात्मक कायदा' नावाचे एक प्रकरण असे. काही कायदे सदसद्विवेकबुद्धीला बांधीत नाहीत. ते मोडणाऱ्याने दंड मात्र तक्रार न करता भरावा, असा त्याचा आशय. फ्रान्सिस्को सुआरेझ या स्पॅनिश येशूसंघीय तत्त्वज्ञाने १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कायद्यावरील ग्रंथात या कल्पनेचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. जकातीसारख्या करांच्या बाबतीत या मताचा आधार पुष्कळांनी घेतला. हे मत बरोबर की चूक हा वाद बाजूस ठेवला, तरी ते येथे लागू पडत नाही एवढे निश्चित. जकात चुकविणाऱ्याने खजिन्याचे नुकसान केले, तर दंडाच्या रकमेने ते भरून निघू शकते. रेबीजच्या बाबतीत नुकसान होते ते दुसऱ्याच्या मुलाचे. ते कोणत्या रकमेने भरून काढणार? ज्या कायद्यामागे परक्याचा जीव उभा आहे, तो कायदा विवेकबुद्धीला बांधतोच.

दुसरे रूप अधिक सूक्ष्म आहे. 'आमचा कुत्रा चौथ्या मजल्यावरून साखळीशिवाय कधी खाली उतरला नाही. दुसऱ्या कुत्र्याचा त्याला स्पर्श नाही. कायदा करणाऱ्याने अशा कुत्र्याचा विचारच केला नव्हता. तेव्हा कायद्याच्या अक्षरापेक्षा त्याचा हेतू पाहा.' हा युक्तिवाद संत थॉमस अक्वायनस यांनाही अपरिचित नव्हता. कायदा सर्वसाधारण परिस्थितीसाठी केलेला असतो, क्वचित प्रसंगी त्याचे अक्षर पाळणे त्याच्या हेतूलाच मारक ठरते आणि अशा वेळी अक्षर सोडून हेतू धरावा, हे त्यांनी मान्य केले आहे. परंतु त्यांनी घातलेली मर्यादा आपण विसरतो. संकट तत्काळ कोसळणारे नसेल आणि अधिकाऱ्याकडे विचारणा करण्यास अवसर असेल, तर प्रत्येकाने आपल्यापुरता न्यायाधीश होऊ नये, असे ते म्हणतात. परदेशी जाणारे कुटुंब आगीत सापडलेले नसते. त्याच्यापुढे असते गैरसोय आणि विरह. दोन्ही दुःखे खरी आहेत, पण ती अधिकाऱ्यापुढे मांडता येतात. शिवाय, 'आमचा कुत्रा कधी बाहेर गेला नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे खरे असते असे नाही. आणि ज्याचे खरे आहे त्याला निराळा ओळखण्याचे साधन सीमेवरच्या माणसापाशी नाही.

तिसरे रूप म्हणजे तारखेचा प्रश्न. 'लस खरी आहे, चिप खरी आहे, कुत्राही खरा. एका तारखेने काय बिघडते?' चिप आधी आणि लस नंतर, हा क्रम कायद्याने का ठरविला, याचा विचार केला म्हणजे उत्तर आपोआप मिळते. चिप नसताना टोचलेली लस कोणत्या कुत्र्याला टोचली, हे कागदावरून कोणालाही सांगता येत नाही. तपकिरी रंगाचे, दोन वर्षांचे, नर जातीचे कुत्रे हजारो असतात. चिप ही त्या मुक्या जिवाची ओळख आणि प्रमाणपत्र ही त्याच्या वतीने दिलेली साक्ष. कुत्रा स्वतः बोलू शकत नाही, म्हणून पशुवैद्य त्याच्यासाठी बोलतो. साता समुद्रापलीकडील अधिकारी त्या पशुवैद्याला कधीही भेटणार नाही. त्याच्या सहीवर विश्वास ठेवून तो आपल्या देशाचे दार उघडतो. ती तारीख खोटी लिहिणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. आठव्या आज्ञेने निषिद्ध केले आहे ते हेच. त्यात दोघे गुंतलेले असतात, विचारणारा आणि सही करणारा. आणि शिक्षा मात्र तिसऱ्यालाच होते. एका देशाच्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास उडाला, की त्या देशातून येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक कुटुंबापुढची तपासणी अधिक कडक होते.

या प्रकरणात प्रतिष्ठाही कामास येत नाही. २०१५ मध्ये हॉलिवूडचे प्रसिद्ध नट जॉनी डेप यांचे दोन लहान कुत्रे नोंद न करता खासगी विमानाने ऑस्ट्रेलियात आणले गेले. तेथील कृषिमंत्र्यांनी ते परत पाठविण्यास मुदत घालून दिली आणि कुत्रे परत गेले. एप्रिल २०१६ मध्ये डेप यांच्या तत्कालीन पत्नी, अभिनेत्री अँबर हर्ड यांनी प्रवेशाच्या कागदावर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. न्यायालयाने सौम्य निकाल दिला. जगभर या प्रकरणाची थट्टा झाली. परंतु नट आणि मजूर यांना एकाच दारातून आत यावे लागते, ही त्यातली गोष्ट थट्टेची नव्हे. कायदा सर्वांना सारखा असला, तरच गरिबाने तो पाळावा असे आपण म्हणू शकतो.

एवढे म्हटल्यावर कायद्याच्या बाजूनेही काही देणे लागते. कायदा सार्वजनिक हितासाठी असतो. म्हणून ते हित कमी दुःखात साधणे शक्य झाले, की कायद्यानेही बदलले पाहिजे. ब्रिटनचे सहा महिन्यांचे विलगीकरण शंभर वर्षे चालले. वृद्ध कुत्री पिंजऱ्यात झुरत राहिली, कित्येकांनी मालकाचे घर पुन्हा पाहिले नाही. दरम्यान लसी सुधारल्या, रक्ततपासणी आली, चिप आली. तेव्हा लोकांनी प्रश्न उपस्थित केला, की जुन्या अज्ञानाची किंमत नव्या ज्ञानाच्या काळात या जनावरांनी का मोजावी? १९९८ मध्ये तज्ज्ञ समितीने बदलाची शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००० पासून पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू झाली. सहा महिन्यांचा पिंजरा जाऊन त्या जागी कागद, रक्त आणि घरच्या घरी थांबणे आले. येथे लक्षात घेण्यासारखे हे, की कायदा सौम्य झाला तो चोरून कुत्री नेणाऱ्यांमुळे नव्हे. ज्यांनी उघडपणे युक्तिवाद केला, पुरावा मांडला आणि दरम्यान नियम पाळला, त्यांच्यामुळे तो बदलला.

आता एका सलाविषयी बोलले पाहिजे. 'जर्मनीच्या कुत्र्याला २१ दिवस आणि आमच्या कुत्र्याला चार महिने! म्हणजे येथेही आपण खालच्या पायरीवर!' असे उद्गार ऐकू येतात. व्हिसाच्या रांगेत ज्यांनी अपमान सोसला आहे, त्यांच्या मनाला हे लागणे स्वाभाविक आहे. परंतु येथे कुत्र्याच्या किंवा त्याच्या धन्याच्या योग्यतेचा निवाडा केलेला नाही. तो कोठून आला एवढेच पाहिले आहे, कारण रोग कोठे आहे एवढेच ठाऊक आहे. अपमान वाटून घ्यावयाचाच असेल, तर तो यादीचा वाटून घेऊ नये. ज्या रोगाला लस आहे त्याने आपल्याकडे दरवर्षी हजारो माणसे मरतात आणि त्यांत गरिबांची मुले अधिक असतात, याचा वाटून घ्यावा. परदेशी निघालेल्या कुत्र्यामागे आपण चार महिने धावतो. ज्या गल्लीतून तो निघाला, त्या गल्लीतील भटक्या कुत्र्यांना लस टोचली गेली काय, असे किती जण विचारतात? एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, तर रोगाची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. शेजारच्या गोव्याने 'मिशन रेबीज' या संस्थेच्या साहाय्याने वर्षानुवर्षे गावोगाव, रस्त्यारस्त्यांवर ही मोहीम चालविली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. जे गोव्यात घडले ते आपल्या गावांतही घडू शकते. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या वाड्यांपुरता वर्षातून एक दिवस नगरपालिकेला आणि पशुवैद्याला साह्य केले, तरी पुष्कळ होईल.

राहिला खर्चाचा प्रश्न. हा सारा प्रवास लाखांच्या घरात जातो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाची शिकवण या बाबतीत समतोल आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण क्लेश देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. आणि माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हावयास हवा, तो प्राण्यांवर उधळणे हेही तितकेच अशोभनीय, असेही तो त्याच परिच्छेदात सांगतो. पुष्कळ जण यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. गावी एकट्या राहिलेल्या वृद्ध आईच्या औषधपाण्याची व्यवस्था न करता जो कुत्र्याचे विमानभाडे भरतो, त्याने प्रेमाचा क्रम उलटा केला आहे. पण आईची व्यवस्था नीट करून, कर्ज न काढता, आपल्या मुलाच्या सोबत्याला जो बरोबर नेतो, त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. प्रत्येक कुटुंबाने आपला हिशेब स्वतःच्या विवेकापुढे मांडावा.

आणि नेणे शक्यच नसेल तर? कधी वेळ पुरत नाही, कधी पैसा पुरत नाही, कधी कुत्रा इतका वृद्ध किंवा आजारी असतो, की विमानाच्या पोटातील तास त्याला सोसणार नाहीत. अशा वेळी मागे ठेवणे हे पाप नव्हे. पाप आहे ते टाकून जाणे. रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून देणे, 'कोणीतरी सांभाळील' म्हणून कुलूप लावून निघून जाणे, शेजाऱ्याच्या गळ्यात न विचारता बांधणे, या गोष्टींना सोय हे नाव देता येणार नाही. आपण ज्याला माणसाची सवय लावली आणि स्वतःचे पोट भरण्याची त्याची शक्ती हिरावून घेतली, त्याच्याविषयी आपली जबाबदारी विमानाच्या तिकिटाबरोबर संपत नाही. ओळखीचे घर शोधावे, जाण्यापूर्वी काही आठवडे त्याला तेथे राहण्याची सवय करावी, लशीचे कागद आणि खाण्यापिण्याच्या सवयी सांगाव्यात, खर्चाचा वाटा पाठवावा. आणि मुलांना खरे सांगावे. 'तो नंतर येणार आहे' असे खोटे सांगून त्यांची समजूत काढू नये. कुत्र्याच्या निमित्ताने मूल पहिल्यांदा विरह शिकते. आईबापांनी आपल्याला सत्य सांगितले होते की नव्हते, हेही त्याच वेळी त्याच्या मनावर कायमचे कोरले जाते.

म्हणून ज्यांना जावयाचे आहे त्यांना माझे सांगणे साधे आहे. व्हिसाचा अर्ज कराल त्याच आठवड्यात कुत्र्याला चिप बसवा, लस त्यानंतर. चिपचा क्रमांक प्रत्येक कागदावर तोच आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. तारखा जमत नसतील, तर तारीख बदलू नका, तिकीट बदला. तेही शक्य नसेल, तर तुम्ही पुढे जा. कुत्रा विश्वासाच्या घरी राहून मुदत पूर्ण करील आणि त्या देशाचे नियम पाळून मागाहून येईल. अशा रीतीने मागून येणाऱ्याला कधी कधी वेगळे कागद आणि अधिक खर्च लागतो, तोही सोसावा. जी चार महिने थांबण्यास तयार नाही, ती माया कुत्र्यावरची की स्वतःवरची, हे प्रत्येकाने शांतपणे पाहावे.

परदेशात उतरणारा नवा माणूस तेथील लोकांकडून पुष्कळ अपेक्षा करतो. त्यांनी आपल्याला परके मानू नये, आपल्या मुलांना शाळेत सामावून घ्यावे, आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा. या अपेक्षा न्याय्यच आहेत. पण ज्या गल्लीत आपण राहावयास जाणार, तेथील मुले उद्या आपल्या कुत्र्याच्या गळ्यात हात घालणार आहेत. त्यांच्या आईबापांनी आपल्याला पाहिलेले नाही, आपणही त्यांना ओळखत नाही. त्यांच्या मुलांच्या जिवाची काळजी ओळख होण्यापूर्वीच घेणे, हेच त्या देशात आपले पहिले शेजारधर्माचे कृत्य ठरते.